ढगातली फुकट जागा

लोणावळ्याहून औंढ्याकडे वळणाऱ्या फाट्यावर कमळाबाई तळपे यांची मक्याच्या कणसांची हातगाडी आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर मोटारींची अशी रांग लागते की शेवटच्या मोटारीतल्या माणसाला पुढे नेमकं काय बघायला मिळणार आहे हेही आठवत नाही. पाहुण्यांची हौस होते, पण वरच्या वाड्यांमधल्या माणसांचे हाल होतात. बाजाराला उतरलेला माणूस अंधार पडेस्तोवर घरी पोचत नाही. म्हणून घरातून निघण्याआधी जो तो कमळाबाईंना फोन करायचा.

"कमळामावशी, रस्ता मोकळा हाय का?"

बाई मान लांब करून वळणापर्यंत बघायच्या आणि सांगायच्या, "तुंबलाय रं. च्या पिऊन निघ." किंवा, "मोकळा हाय, पळ." फोन ठेवला की दुसरा वाजायचा. एका हातात फोन, दुसऱ्या हातात विंझणवारा, आणि शेगडीवर कणीस कोळशासारखं काळं. एका रविवारी एका गिऱ्हाइकाने ते काळं कणीस हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "हे कुठल्या जातीचं असतं?"

त्या संध्याकाळी कमळाबाईंनी फोन पदरात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवला. डब्यातूनही तो वाजत राहिला.

त्यांची सून निर्मला लोणावळ्यात एका लॉजच्या काउंटरवर बसायची. हुशार पोरगी. बारावीनंतर तिने कॉम्प्युटरचा क्लास केला होता आणि साधंसुधं संकेतस्थळ बनवायला शिकली होती. लॉजच्या मालकाने मात्र तिला चाव्या देणे आणि चाव्या परत घेणे यापलीकडे काही करू दिलं नव्हतं. डब्यातला फोन बाहेर काढत ती म्हणाली, "आत्या, एक पान बनवूया. इंटरनेटवर. त्यावर दोनच गोष्टी दिसतील. हिरवं म्हणजे मोकळा, लाल म्हणजे तुंबला. तुम्ही नुसतं बोट लावायचं. ज्याला बघायचंय तो बघंल."

"आन त्ये पान ठिवायचं कुटं?"

"जागा घ्यायची. फुकट मिळते."

कमळाबाईंनी सुनेकडे निरखून बघितलं. "लोनावळ्यात?"

"नाही हो. क्लाउडवर. म्हणजे ढगात म्हणा."

सासरे शिदू तळपे दारात बसून पायाचा चिखल खरवडत होते. त्यांनी आभाळाकडे बघितलं. आभाळ तेव्हा त्यांच्या ओसरीतच आलेलं होतं. समोरचं आंब्याचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. "ढगात कशापायी जागा घ्यायची?" ते म्हणाले. "ढगच आपल्या जागंत ऱ्हातोय की फुकाट."

निर्मलाने समजावून सांगितलं. मोठ्या कंपन्यांची मोठमोठी यंत्रं असतात, ती रात्रंदिवस चालू असतात, त्यातला एक कोपरा ते आपल्याला वर्षभर फुकट वापरायला देतात. तिचं स्वतःचं फुकटचं वर्ष क्लासमध्येच संपलं होतं, आणि एका माणसाला एकदाच मिळतं. तेव्हा खातं उघडायचं ते कमळाबाईंच्या नावाने, त्यांच्या फोनवर आणि त्यांच्या बँकेच्या कार्डावर.

"फुकाट म्हनतीस आन कार्ड कशाला?"

"आपण खरी माणसं आहोत का बघतात."

"मंग फोटू बघा म्हनावं."

शेवटी एका मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, हातगाडीशेजारी स्टूल टाकून दोघी बसल्या. निर्मलाच्या मांडीवर तिचा जुना लॅपटॉप होता, कमळाबाईंच्या मुठीत त्यांचा फोन. बाजूला प्रदीपची वडापावची टपरी. प्रदीप औंढ्याचा, तिशीचा, बोलायला तरतरीत. तोही तेल तापायच्या आधी हात पुसत येऊन उभा राहिला.

नाव लिहून झालं. पुढे संस्थेचं नाव विचारलं होतं. "काय लिहू?" निर्मलाने विचारलं.

"कनीस."

"संस्थेचं नाव, आत्या."

"मंग कमळाबाई कनीस."

निर्मलाने तेच लिहिलं. आता पासवर्ड. त्यात एक मोठं अक्षर पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक चिन्ह पाहिजे आणि तो कुणाला कळता कामा नये, असं तिने सांगितलं. कमळाबाईंनी थोडा विचार केला आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आपल्या बांडीचं नाव घाल! आन तिला किती करडं झाली त्यो आकडा!"

"मावशी," प्रदीप म्हणाला, "बांडी म्हंजे ती शिंग मोडलेली शेळी ना?"

निर्मलाने पासवर्ड खोडला. दुसऱ्या वेळी कमळाबाई तिच्या कानाला तोंड लावून काहीतरी पुटपुटल्या. निर्मला एकदम लाल झाली, हसता हसता तिचा लॅपटॉप मांडीवरून घसरायला लागला. "आत्या, हे मामंजींना कळलं तर?"

"पासवर्ड हाय न्हवं? कसा कळंल?"

तो शब्द काय होता हे आजवर त्या दोघींखेरीज कुणाला माहीत नाही.

मग फोनवर आकड्यांचा संदेश येणार होता. तो वेळेत वाचून सांगायचा होता. संदेश आला. कमळाबाईंनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, तोंड उघडलं, आणि फोन वाजला.

"कमळामावशी, रस्ता मोकळा हाय का?"

मंगळवार होता. रस्त्यावर एका म्हशीखेरीज कुणी नव्हतं. "मोकळा हाय," बाई म्हणाल्या. तेवढ्यात मुदत संपली. निर्मलाने पुन्हा संदेश मागवला. पुन्हा फोन वाजला. आता वरच्या वाडीतून कुणी विचारत होतं. तिसऱ्यांदा तर संदेश आणि फोन एकदमच आले. कमळाबाई उठून उभ्या राहिल्या आणि फोनमध्ये ओरडल्या, "मोकळा हाय! पार आभाळापातुर मोकळा हाय! समद्यांना सांग, आता ह्या कमळाबाईचं काम व्हईस्तोवर कुनी फोन करायचा न्हाई!"

पलीकडच्या माणसाने खरोखरच सगळ्यांना सांगितलं असावं. पुढचा संदेश शांतपणे आला आणि बाईंनी आकडे एकेक करून, कणसं मोजून द्यावीत तसे दिले.

कार्डाने थोडं आडमुठेपण केलं. परदेशी व्यवहार बंद होते, ते बँकेच्या ॲपवर चालू करावे लागले. मग खात्यातून दोन रुपये गेले. "फुकाटचं दोन रुपयं?" कमळाबाईंनी कमरेवर हात ठेवले. पण थोड्याच वेळात ते परत आल्याचा संदेश आला आणि बाईंचं कंपनीबद्दलचं मत एकदम बदललं. "परत दिलं? बिनमागता? मानसं बरी दिसत्यात."

शेवटचा प्रश्न होता, आपलं पान कुठल्या गावच्या यंत्रात ठेवायचं. मुंबई, हैदराबाद की सिंगापूर?

"मुंबई नको," कमळाबाई ताडकन म्हणाल्या. "शनवारी समदी तितनंच येत्यात. तितं आपलं पानबी अडकंल. हैद्राबादला ठिव."

तर पान हैदराबादला राहायला गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाबाई शेगडी पेटवत असताना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज गोड आणि शहरी होता. "नमस्कार मॅडम, मी सुहास बोलतोय, क्लाउड कंपनीतून. आपण काल आमच्याकडे खातं उघडलंत. आपला वर्कलोड साधारण कसा असेल, सांगाल का?"

"लोड व्हय?" कमळाबाईंना कुणीतरी आपुलकीने विचारतंय याचा आनंद झाला. "शनवार-रविवारी लय. सोमवारपास्नं काय न्हाई."

"अच्छा, म्हणजे वीकएंडला ट्रॅफिक वाढतं."

"त्याच्याच पायी तर समदं केलंय."

"साधारण किती ट्रॅफिक अपेक्षित आहे?"

"फाट्यापासनं पार धरनापातुर."

पलीकडून कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. "आणि आपला व्यवसाय, मॅडम?"

"कनीस."

"के-ए-एन-आय-एस... स्टार्टअप आहे का?"

"श्टार्ट व्हायला कोळसा जरा येळ घेतो," बाई म्हणाल्या, "पन एकदा पेटला की मंग बघायला नको."

"फारच छान! ट्रॅफिक वाढलं तर आम्हाला जरूर कळवा. आमच्याकडे मोठे प्लॅन आहेत."

"आवो, वाढू नये म्हनून तर धडपड चाललीया," कमळाबाई म्हणाल्या. सुहासने घाईघाईने आभार मानले. त्याचा पुन्हा कधी फोन आला नाही.

पान मात्र झकास चाललं. निर्मलाने वर मोठ्या अक्षरात 'रस्ता' लिहिलं होतं आणि खाली एक भलं मोठं गोल. रस्ता मोकळा असला की हिरवं, तुंबला की लाल. कमळाबाईंच्या फोनवर दोन बटणं होती. कणीस उलटता उलटता त्या अंगठा टेकवायच्या. वाड्यांमधल्या लोकांना आठवड्याभरात सवय लागली. फोन वाजायचा बंद झाला, कणसं पुन्हा सोनेरी दिसायला लागली. कधी कधी बाईच फोन उचलून बघायच्या, बिघडला तर नाही ना म्हणून.

घोळ झाला तो लॉजवर. रविवारी सकाळी खोलीत अडकून पडलेल्या पाहुण्यांनी निर्मलाला विचारलं, "लोहगडाकडे जाता येईल का?" तिने सहज पान उघडून दाखवलं. त्यांनी ते आपल्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठे कुठे गेलं देव जाणे, पण दोन-तीन रविवारांतच पुण्यातली माणसं अंथरुणात पडल्या पडल्या कमळाबाईंचं गोल बघायला लागली. लाल दिसलं की गाडीचं तोंड दुसरीकडे. रांग आखूड झाली. आणि रांगेत अडकून कंटाळलेली, काच खाली करून "दोन द्या, तिखट जास्त" म्हणणारी गिऱ्हाइकंही आटली.

प्रदीपचे वडे संध्याकाळी उरायला लागले. त्याच्या बहिणीचा, यशोधराचा, साखरपुडा तोंडावर आला होता. मुलगा देहूरोडचा, सनी नावाचा, लष्कराच्या डेपोत नोकरीला. घरात पाहुण्यांची तयारी आणि टपरीवर शुकशुकाट. साखरपुड्याच्याच रविवारी सकाळी तो कमळाबाईंच्या गाडीपाशी आला.

"मावशी, आज हिरवंच ठिव की."

"आन तुंबला तर?"

"तुंबू दे. दुपारपर्यंत मी टपरी चालवतो, मग घरी जातो. पावणे काय, लोकलनं यायचेत, टेशनावरनं रिक्षा करून आतल्या वाटेनं येतील. त्यांचा आन या रस्त्याचा संबंध न्हाई. एक दिस, मावशी."

"खोटं लिवायचं व्हय?"

"खोटं कशाला? सकाळी मोकळाच असतोय. तू फक्त बदलू नको."

कमळाबाईंना ते पटलं नाही. पण प्रदीप शेजारी होता, पावसात त्यांच्या गाडीवर ताडपत्री ओढायला धावत यायचा. शिवाय खरं सांगायचं तर गेल्या रविवारची उरलेली कणसं त्यांनी स्वतःच तीन दिवस खाल्ली होती. त्यांनी फोन उपडा करून मिठाच्या वाटीशेजारी ठेवला.

अकरा वाजेपर्यंत रस्ता गच्च झाला. हिरवं गोल बघून निघालेले सगळे एकदम आले होते. कमळाबाईंचे हात चालत होते, कणसं जात होती, प्रदीप दोन-दोन घाणे काढत होता आणि खुशीत होता. बाईंना मात्र मिठाच्या वाटीकडे बघवत नव्हतं. एका मोटारीतली बाई म्हणाली, "त्या पानावर तर मोकळा लिहिलंय! कोण बावळट चालवतं ते?" कमळाबाईंनी तिच्या कणसाला जास्तीचं लिंबू चोळलं.

तेवढ्यात प्रदीपचा फोन वाजला. यशोधरा होती. तो बोलता बोलता झारा हातात धरून तसाच उभा राहिला.

"काय झालं रं?" कमळाबाईंनी विचारलं.

"पावणे," प्रदीप म्हणाला. "यशीनं सनीला आपलं पान पाठवलं होतं. सकाळी त्यांनी हिरवं बघितलं आन लोकल सोडून दोन जीप केल्या. मागं पेट्रोल पंपापाशी अडकलेत. तासभर चाक हाललं न्हाई."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कमळाबाईंनी आधी फोन सुलटा केला आणि अंगठा लालवर दाबला, इतका जोरात की फोन मिठात गेला. "आता त्यानं काय व्हनार?" प्रदीप म्हणाला. "काय न्हाई," बाई म्हणाल्या. "पन आदी त्ये. आता वडे भर. मी कनसं घेते."

साखरपुड्यासाठी लॉजवरून सुट्टी घेतलेल्या निर्मलाला बोलावून गाडी तिच्याकडे सोपवली आणि कमळाबाई आणि प्रदीप रांगेच्या कडेने उलटे चालत निघाले. बाईंच्या डोक्यावर गरम कणसांची पाटी, प्रदीपच्या हातात वड्यांचं पातेलं. दोन्ही बाजूंनी काचा खाली होत होत्या, हात बाहेर येत होते. "विकायचं न्हाई!" प्रदीप ओरडत होता. "साखरपुड्याचं हाय!" हे ऐकून लोक आणखीच डोकं बाहेर काढत होते.

दोन जीप सापडल्या. पहिलीच्या पुढच्या सीटवर सनीची आई हिराताई बसल्या होत्या. पांढरी जरीकाठी साडी, मांडीवर गौतम बुद्ध आणि बाबासाहेबांची फ्रेम, आणि चेहऱ्यावर असा राग की ड्रायव्हर खाली उतरून लांब उभा होता.

"मला एवढंच सांगा," प्रदीपने नमस्कार करायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ते मोकळा कुणी लिहिलं?"

"म्या," कमळाबाई म्हणाल्या. पाटी अजून डोक्यावरच होती.

"मी सांगितलं म्हणून," प्रदीप म्हणाला. "वडे खपावे म्हणून."

 मागून सनी उतरून आला होता. त्याच्या नव्या शर्टाचा घामाने पार चोळामोळा झाला होता. "आई," तो म्हणाला, "खरं बोलले तरी."

"उशिरा बोलले," हिराताई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष पातेल्याकडे गेलं. "गरम आहेत का?"

वडे गरम होते. कणसंही. दोन्ही जीपमधली मंडळी रस्त्याच्या कडेला उतरून खाऊ लागली. एवढ्यात समोरून यशोधरा आली. निळसर साडी पोटरीपर्यंत खोचलेली, पायात भावाच्या रबरी चपला, केसात माळलेला गजरा चालून चालून एका कानावर आलेला. मागे तिचे आई-वडील, काका, आणि घरी वाट बघून कंटाळलेले बौद्धाचार्य. सगळे पायी.

"मी म्हटलं, तुम्ही येत नाही तर मीच यावं," ती सनीला म्हणाली. तिला दम लागला होता.

 सनीने आपल्या हातातलं अर्धं खाल्लेलं कणीस तिच्यापुढे केलं. तिने ते घेतलं.

"आता परत घरी जाऊन करायचं म्हणजे संध्याकाळ," बौद्धाचार्य म्हणाले.

"हितंच करा," यशोधरा म्हणाली. "माणसं हितंच आहेत सगळी. फाट्यावर मावशीची गाडी आहे, ताडपत्री आहे."

सगळे हिराताईंकडे बघू लागले. त्यांनी पदराने हात पुसले, फ्रेम छातीशी धरली आणि त्या फाट्याकडे चालायला लागल्या.

निर्मलाने गाडीवरची कणसं, तिखट, मीठ सगळं खाली उतरवलं, फळी पुसली, तिच्यावर आपली ओढणी पसरली. फ्रेम तिच्यावर ठेवली, कुणीतरी एका मोटारीच्या आरशाला बांधलेला झेंडूचा हार सोडून आणून दिला. मेणबत्ती प्रदीपच्या टपरीतून आली. त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा जवळच्या मोटारीतलं गाणं आपोआप बंद झालं. काही पाहुणे खाली उतरले, चपला काढून ओल्या रस्त्यावर हात जोडून उभे राहिले. मागच्याच मागे कुणीतरी हॉर्न वाजवला, तेव्हा त्याला चार जणांनी एकदम वळून असं बघितलं की त्याने तो पुन्हा वाजवला नाही. अंगठ्या घातल्या. पेढे अख्ख्या रांगेला पुरणार नव्हते, म्हणून कमळाबाईंनी कणसांचे दाणे सोलून वाटले. ज्या बाईने 'बावळट' म्हटलं होतं तिनेही मूठभर घेतले आणि नवरीला विचारून फोटो काढला.

पुढच्या शनिवारी प्रदीप कामावर आला आणि म्हणाला, "मावशी, जे असंल ते लिव." बाईंना ते सांगायची गरज नव्हती. मजा अशी झाली की लाल गोल बघून रविवार टाळणारी माणसं बुधवारी-गुरुवारी यायला लागली, पान हिरवं दिसलं की सावकाश. धंदा आठवडाभर पसरला. प्रदीपचे वडे उरेनासे झाले आणि कमळाबाईंची गुरुवारची दुपारची झोप गेली.

लग्न कुठे करायचं यावर मात्र हिराताईंनी चर्चाच होऊ दिली नाही. "देहूरोडला," त्यांनी फोनवर सांगितलं. "आणि लोकलनं यायचं सगळ्यांनी."

हिवाळ्यात लग्न झालं. वाड्यांमधली मंडळी लोणावळ्याला गाडीत बसली आणि वेळेच्या आधीच मांडवात पोचली. हिराताईंनी कमळाबाईंना दारातच धरलं, हाताला ओढून पुढच्या रांगेत नेलं आणि सनीच्या डेपोतल्या सगळ्या ओळखीच्या बायकांना मोठ्याने सांगितलं, "ह्याच बरं का! ह्यांनीच आम्हाला रस्त्यात बसवलं होतं."

बायकांनी कौतुकाने बघितलं. कमळाबाईंनी पदर नीट केला आणि विचारलं, "जेवायला कुटं बसायचं?"